चुना सुटलाय

मुंबईच्या पोटात पाण्याने कोरलेली गुहा सापडायची नाही. आपला दगड बेसॉल्ट, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कन्हेरीची लेणी छिन्नी-हातोड्याने खोदावी लागली. चुनखडकाला छिन्नी लागत नाही. पाऊस मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतो, सौम्य आम्ल होतो आणि भेगेभेगेतून दगड विरघळवत जातो. वर खड्डे पडतात, खाली भुयारं, आणि नद्या चक्क गडप होतात.

अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. हे मुळात एका पठाराचं नाव, स्लोव्हेनिया आणि इटलीतल्या त्रिएस्तच्या मधलं. स्लोव्हेनियन माणूस क्रास म्हणतो, इटालियन कार्सो. मुलूख ऑस्ट्रियाच्या राज्यात होता, म्हणून जगभर जर्मन रूप गेलं. योवान त्स्विइच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाने व्हिएन्नात शिकून १८९३ साली कार्स्टवर प्रबंध छापला आणि ते गावठी नाव शास्त्रात पक्कं बसलं. तिथली रेका नदी श्कोत्स्यानच्या गुहांत शिरते ती तीसहून अधिक किलोमीटर जमिनीखालून जाऊन इटलीत तिमाव्हो म्हणून वर येते. नाव बदलून!

हे सगळं मी वाचत बसलो त्याला कारण आमचं स्टिल्ट पार्किंग. बीमच्या कडेने स्लॅबला पांढऱ्या नळ्या लोंबतात. रिफिलसारख्या बारीक, आतून पोकळ, टोकाला थेंब अडकलेला. बोट लावलं की चुरा. वॉचमन झाडूने पाडतो, पावसाळ्यात त्या पुन्हा हजर. वॉटरप्रूफिंगवाल्याने मान वर करून एवढंच सांगितलं, "चुना सुटलाय, साहेब." खरंच आहे. सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्याबरोबर उतरतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतं. गुहेतल्या लवणस्तंभातही तेच द्रव्य, पण गंमत अशी की तिथे थेंबातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तेव्हा थर धरतो, इथे आत शिरतो तेव्हा. शिवाय गुहेत इंचभर वाढायला शेकडो वर्षं लागू शकतात. आमच्याकडे कमिटीची पुढची मीटिंग ठरेपर्यंत होतं.

ते पाणी बॉनेटवर पडलं तर वाळायच्या आत धुवा, नाहीतर पांढरा डाग रंगात बसतो. वाळलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून हलक्या हाताने पुसा आणि लगेच भरपूर पाणी ओता. रंगकामाचे पैसे सोसायटी देत नाही. मी विचारून बघितलंय.