ॲशबर्नची लेक

हुरड्यावरचा लेख माझ्या वेबसाइटवर टाकला आणि वाचक कुठून येतात त्या आकडेवारीत ॲशबर्न उगवलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं गाव. रोज हजेरी! सोलापूरची एखादी लेक तिकडे नांदत असणार, शेंगाचटणी आठवून डोळे पुसत माझं वाचत असणार, असं मी धरून चाललो. घरी दोनदा सांगूनही झालं.

मग कळलं, ॲशबर्नच्या आसपास डेटा सेंटरांची, म्हणजे इंटरनेट चालवणाऱ्या संगणकांच्या गोदामांची, दाटी आहे. तिथून येणारे बहुतेक ‘वाचक’ म्हणजे आपोआप पानं चाळत फिरणारे प्रोग्रॅम, बॉट. लेक गेली, हुरडा राहिला.

मग म्हटलं, खात्रीचा वाचक तपासू. इथे सोलापुरातच अशोक चौकात मावशीकडे गेलो. तिने तिच्या मोबाइलवर लेख उघडला. माझ्या मोबाइलवर, आत्ता कोण वाचतंय ते दाखवणारा नकाशा. ठिपका उमटला, पण मुंबईवर.

‘मावशी, तू मुंबईत आहेस.’

‘मग ही भाकरी कोण थापतंय रे?’

वेबसाइटला मावशी दिसत नाही, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, दिसतो. तो मोबाइल कंपनीचा. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी, ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या एकेका पत्त्याआड कितीतरी गिऱ्हाइकं बसवतात. मावशीचं इंटरनेट ज्या दारातून बाहेर पडतं ते दार मुंबईत, म्हणून मावशीही मुंबईची. कुठला पत्ता कुठल्या गावचा, याच्या याद्याही बऱ्याचशा अंदाजानेच भरलेल्या. देश सहसा बरोबर निघतो, गावाचं काही खरं नाही. बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून मिळणारी प्रत्येक चादर तरी कुठे इथल्या मागावरची असते?

पण माझं चुकलं तर फक्त हसू होतं. कॅन्ससमधल्या एका शेतघराचं तसं नव्हतं. अमेरिकेतला पत्ता, पण गाव माहीत नाही, असं असलं की अशा याद्या करणारी एक कंपनी देशाच्या मधोमधचा एक बिंदू ठोकून द्यायची. तो पडला नेमका त्या घराच्या अंगणात. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका घराच्या नावावर! कुठेही काही लबाडी झाली की पोलीस त्यांच्या दारात. २०१६ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर बिचाऱ्यांना कारणच ठाऊक नव्हतं.

काल यादीत एकदाचं सोलापूर आलं. वाचक: १. घरच्या ब्रॉडबँडवरून शुद्धलेखन तपासायला मीच पान उघडलं होतं.