नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीचा ठसा : प्रयोगाचे चार महिने

मंडळी, मागच्या नोंदीच्या वेळी माझ्याकडे दोन बोथट ठसे आणि थोडं कथील एवढंच होतं. आज समोर ताटलीत चाळीस चांदीच्या चकत्या आहेत. चाळीसही चकत्यांवर नहपानाचा मुखवटा ठोकला, आणि त्यातल्या अठ्ठावीस चकत्यांवर पुन्हा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा ठसा मारला. चाळीस आणि अठ्ठावीस हे आकडे मुद्दाम निवडले आहेत, त्याचं कारण ओघात येईलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावात, जिथे दारणा गोदावरीला मिळते त्या भागात, चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, आणि सगळी एकाच राजाच्या नावाची : क्षहरात घराण्यातला शक राज्यकर्ता, क्षत्रप नहपान. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःची छाप मारून घेतली होती. ढोबळमानाने दहातली सात. नाणी वितळवली नाहीत, पाडून नवी केली नाहीत. होती तशी ऐरणीवर ठेवली आणि वरून ठोकली. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ साली या साठ्यावर सविस्तर निबंध लिहिला. पाठ्यपुस्तकात मात्र 'गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला' एवढं एकच वाक्य येतं. त्या पराभवाचा पुरावा हजारो चकत्यांच्या रूपाने नाशिकपासून हाकेच्या अंतरावर जमिनीत पुरलेला होता, हे मला पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. कळलं त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात आहे : नाण्यावर नाणं ठोकलं की नक्की काय उरतं आणि काय जातं?

ठसे

मूळ नाणं अंगठ्याच्या नखाएवढं, दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचं. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. म्हणजे एवढ्याशा चकतीवर तीन लिप्या, त्यातली खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची. गंमत अशी की अक्षरं ग्रीक असली तरी शब्द ग्रीक नाहीत. 'राञो क्षहरातस नहपानस' हेच प्राकृत ग्रीक अक्षरांत उतरवायचा तो प्रयत्न आहे. पुढे पुढे ठसे कोरणाऱ्यांना त्या अक्षरांची ओळख राहिली नसावी, कारण बऱ्याच नाण्यांवर ती नुसती नक्षी झाली आहे. तिथे हात लावताना मला अपराधी वाटलं नाही. मीही नक्षीच कोरली.

ब्राह्मीने मात्र घाम काढला. ठशावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. सातकर्णीचा लेख 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'. त्यातला 'ग' दोन्ही बाजूंनी सारखा, 'त' आणि 'म'ही फारसा त्रास देत नाहीत. 'स' आणि 'पु' उलटे करताना हात आपोआप सुलटीकडे वळतो, आणि या लेखात 'स' किती वेळा येतो पाहा. पहिला ठसा त्यामुळेच वाया गेला. दुसऱ्या वेळी ट्रेसिंग पेपरवर लेख लिहिला, कागद उलटा करून पोलादावर चिकटवला आणि त्यावरूनच कोरलं. ज्यांना ठसे करायचे आहेत त्यांनी सुरुवातच अशी करावी.

सातकर्णीच्या चिन्हांत डोंगरासारखी कमानींची रास, म्हणजे ज्याला आपण चैत्य म्हणतो ती, खाली नागमोडी रेघ; आणि दुसऱ्या ठशावर उज्जैन चिन्ह, क्रूसाच्या चार टोकांना चार गोळे. ही कोरायला सोपी. नहपानाच्या चेहऱ्याला तीन आठवडे लागले, डोंगराला एक संध्याकाळ. ही नोंद इथे मुद्दाम करते आहे, कारण घाईत हजारो नाणी फिरवायची असतील तर चिन्हं अशीच साधी हवीत.

चकत्या

चांदी घरातल्या जुन्या पैंजणांची. आमच्या गल्लीतल्या सराफकाकांनी मुशीत आटवून दिली. त्यांनी पत्रा ओढला, मी चकत्या पाडल्या, एकेक तोलली, जड निघाली ती कानशीने घासली. एका चकतीला सव्वादोन ग्रॅमच्या आत बसवायला वेळ लागतो. चाळीस चकत्यांना सहा संध्याकाळी गेल्या, आणि आटवताना, घासताना घट आली ती वेगळी. घासून खाली पडलेली चांदीची धूळ काकांनी ब्रशने गोळा केली तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की नाणी वितळवून नवी पाडणं राजालाही स्वस्त पडत नसणार.

ठोकणी

खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात बसवलेल्या ऐरणीत घट्ट केला. त्यावर चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि भाचा हातोडा घेऊन उभा. चेहरा खोल कोरलेला, म्हणून तो खाली ठेवला. पहिल्या फेरीत तावलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या चांदीवर एका घावात चेहरा नाकाडोळ्यांसकट उठला. त्या वेळी आम्ही दोघंही काही क्षण बोललो नाही.

आता मुख्य भाग. चांदीवर घाव बसला की ती कडक होते. तावल्याशिवाय दुसऱ्यांदा ठोकलं तर धातू सरकायला तयार होत नाही. काका म्हणाले, "अगं, चांदी दमली आहे, तिला ताव दे. लालसर कर आणि पाण्यात सोड, परत लोण्यासारखी होईल." हेच तर तपासायचं होतं. म्हणून अठ्ठावीस चकत्यांचे दोन गट केले. चौदा तशाच थंड ठोकल्या, चौदा ताव देऊन ठोकल्या.

थंड गटात चौदापैकी बारा चकत्यांवर नहपान सरळ दिसतो. कुठे कान, कुठे केसांची रेघ, दोन ठिकाणी तर डोंगराच्या कमानीखालून नाकाचं टोक बाहेर आलं आहे. ताव दिलेल्या गटात चौदापैकी पाचच चकत्यांवर जुनं काही वाचता येतं, तेही भिंगातून. बाकीच्यांवर सातकर्णीचं राज्य निर्वेध आहे. जोगलटेंभीच्या नाण्यांची छापील छायाचित्रं मी पुन्हा काढून पाहिली. ती माझ्या थंड गटाच्या जवळ जातात. माझे ठसे, माझी चांदी, माझ्या भाच्याचा हात, तेव्हा यावरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या टांकसाळीबद्दल ठाम विधान करणार नाही. पण तिथे बहुतेक नाण्यांना ताव देत बसले नसावेत असं मला आता वाटतं.

जुनं नेमकं कुठे उरतं तेही पाहिलं. नव्या ठशाचा सपाट भाग जिथे बसतो तिथे खालचं सगळं चिरडतं. नव्या ठशात जिथे खोलगा असतो, म्हणजे नव्या नाण्यावर जिथे उठाव यायचा असतो, तिथे जुनी रेघ लपून राहते. आणि कडेला तर घाव पूर्ण पोचतच नाही. कडेला काय असतं? लेख. म्हणजे चेहरा पुसला जातो, नाव टिकून राहतं. माझ्या एकवीस नंबरच्या चकतीवर डाव्या कडेला 'नहप' स्वच्छ आहे आणि त्याला लागूनच 'सातक'. दोन शत्रूंची नावं अर्ध्या बोटाच्या अंतरात.

मूळ नाण्यांत ठसा कधी चेहऱ्यावर बसला आहे, कधी बाण-वज्रावर. शत्रूचा चेहरा विद्रूप करण्यासाठी हे केलं असं अनेकांनी मला हौसेने सांगितलं आहे. मला ते पटत नाही. तसा हेतू असता तर प्रत्येक वेळी चेहराच वर ठेवला असता. ठोकणारा चकती उचलत होता, ठेवत होता, घाव घालत होता. त्याला बाजारात चालणारं नाणं हवं होतं, तेही लवकर.

किती लवकर, याचाही हिशेब केला. सराव झाल्यावर आम्हा दोघांना सरासरी अर्ध्या मिनिटाला एक चकती जमली. त्या वेगाने ९ हजार नाण्यांना ७५ तास, रोज आठ तास धरले तर नऊ-दहा दिवस. एक ऐरण, दोन माणसं. तेवढीच नाणी आटवून, पाडून, तोलून नव्याने करायची तर माझ्या सहा संध्याकाळींच्या हिशेबाने वर्षं लागली असती. सराईत कारागीर माझ्यापेक्षा कितीतरी पटींनी झपाट्याने काम करतील, पण दोन्ही कामांमधलं अंतर फारसं मिटणार नाही.

पांडवलेणी, दोन फेऱ्या

प्रयोग चालू असताना दोनदा त्रिरश्मीच्या डोंगरावर, म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेले. दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखात तो भिक्षुसंघाला ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव देतो आणि ती गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवतो. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात, तिथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा. वहीत गणित मांडलं : २००० वर दरमहा वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं. तिथेच आणखी एका दानाचा हिशेब आहे : ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला पस्तीस. ही माणसं पैशाच्या बाबतीत किती काटेकोर होती हे त्या ओसरीत उभं राहून जाणवतं.

तिथून थोडंच पुढे तीन नंबरचं लेणं, सातवाहनांचं. त्याचे खांब पाहा. दहा नंबरच्या खांबांचाच नमुना समोर ठेवून घडवलेले आहेत. शत्रूच्या नाण्यावर ठसा, शत्रूच्या लेण्यावरून लेणं. आणि गौतमीपुत्राच्या १८व्या राज्यवर्षाचा लेख वाचला की तिसरी गोष्ट मिळते. विजयी सैन्याच्या छावणीतून तो गोवर्धनातल्या अमात्याला कळवतो की पश्चिम कखडी गावातलं जे शेत आजवर उषवदाताकडे होतं, २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप), ते या भिक्षूंना दिलं. जावयाचं शेत. पुढे २४व्या वर्षी पुन्हा लेख : ते शेत कोणी कसत नाही, गाव वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या शेतातली १०० निवर्तनं देतो. लढाईनंतर सहा वर्षांनीही ते गाव ओसाड होतं. मला या दोन ओळी कुठल्याही विजयाच्या वर्णनापेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

विजयाचं वर्णनही तिथेच आहे. गौतमीपुत्राच्या मागे, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी, आई गौतमी बलश्रीने कोरवून घेतलं. त्यात मुलाला ती म्हणते 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. दुसऱ्या फेरीला माझी एकवीस नंबरची चकती खिशात होती. त्या भिंतीसमोर ती काढून हातात धरली. भिंतीवर 'निरवसेस' आणि तळहातावर, सातकर्णीच्या ठशाला लागून, 'नहप'. आईने पाहिला तो वंश संपला होता हे खरं, पण त्याचं नाणं नाशिकच्या बाजारात हातोहात फिरत होतं, आणि पैसे पुरून ठेवणाऱ्याने ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी वेगळी केली नव्हती. माझ्या चाळिसातल्या बारा चकत्या म्हणूनच दुसरा ठसा न मारता, नुसत्या नहपानाच्या ठेवल्या आहेत.

सध्याची स्थिती

सातकर्णीचा वरचा ठसा एकोणिसाव्या घावाला तडकला. धार धरायला देतात तसं त्याला पाणी दिलं होतं, बहुधा जास्त झालं. नवा कोरून उरलेल्या चकत्या पूर्ण केल्या, त्यामुळे माझ्याच नमुन्यात आता डोंगराचे दोन प्रकार आहेत. खालचे दोन्ही ठसे शाबूत आहेत. वरचा ठसा थेट हातोडा खातो, म्हणून तोच आधी जातो.

प्रत्येक चकतीवर कडेजवळ बारीक 'प्र' ठोकला आहे, प्रतिकृती म्हणून. हे कृपया सगळ्यांनी करा. खोट्या क्षत्रप नाण्यांनी बाजार आधीच भरला आहे, आणि आपल्यानंतर आपल्या चकत्या कोणाच्या हाती पडतील हे आपल्या हातात नाही.

पुढच्या महिन्यात जुन्या, झिजलेल्या चकत्यांवर ठसा मारून पाहायचा आहे. सध्याच्या सगळ्या नव्या कोऱ्या होत्या, खरी नाणी मात्र वर्षानुवर्षं हाताळलेली होती. झीज आणण्यासाठी दहा चकत्या वाळूबरोबर कापडी पिशवीत भरून भाच्याच्या सायकलच्या दांडीला बांधल्या आहेत. तो रोज शाळेत जातो, सहा किलोमीटर.