‘लायडर’ने सुरू होणारे मेल: जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधताना

जर्मनीत मास्टर्स करून नोकरी शोधायला लागलं की इनबॉक्समध्ये एक शब्द सारखा भेटतो: ‘लायडर’. म्हणजे ‘दुर्दैवाने’. मेलच्या सुरुवातीला आभार, मग लायडर, शेवटी पुढील वाटचालीस शुभेच्छा. चाळिसावा लायडर वाचताना माणूस प्रत्येक शब्दाचा कीस पाडायला लागतो, आपलं काय चुकलं ते शोधतो. ते त्या मेलमध्ये सापडणार नाही. 2006 पासून इथे भेदभावविरोधी कायदा आहे. नकाराचं कारण लेखी दिलं आणि त्यातून वय, वंश, लिंग, धर्म असा काही सूर निघाला, तर उमेदवार भरपाई मागू शकतो. त्याची निवड एरवीही झाली नसती असं दिसलं, तरी तीन महिन्यांच्या पगाराइतक्या रकमेपर्यंत. त्यामुळे कंपन्या सगळ्यांना एकच गुळगुळीत मजकूर पाठवतात. खरं कारण कधी कळलंच तर फोनवर, तेही मुलाखतीपर्यंत पोचला असाल तर.

नकारापेक्षा शांतता जास्त खचवते. अर्ज जातो, ‘मिळाला’ असा आपोआप येणारा मेल येतो आणि मग सहा-आठ आठवडे काहीच नाही. या काळात कंपनीत काय चाललेलं असतं ते माहीत असलं की बरंच ओझं उतरतं. मोठ्या कंपन्यांत ‘बेट्रीब्सराट’ असतो, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली परिषद. तिने मागणी केली तर जागा आधी आतल्या लोकांसाठी जाहीर करावी लागते. वीसपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत अशी परिषद असेल, तर प्रत्येक नव्या नेमणुकीला तिची संमती घ्यावी लागते आणि त्यासाठी तिला एक आठवडा मिळतो. त्यात जुना माणूस निघतो तोच अनेकदा तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर, म्हणून घाई कुणालाच नसते. ऑगस्टमध्ये निम्मं ऑफिस सुट्टीवर, डिसेंबरच्या मध्यापासून सगळंच थंड. जुलैअखेर पाठवलेल्या अर्जाचं उत्तर सप्टेंबरात येणं हा तुमच्या लायकीवरचा शेरा नव्हे.

मात्र सगळं कॅलेंडरच्या माथी मारून चालत नाही. चूक आपली आहे का, हे तपासायला एक साधं एक्सेल पुरतं. रकाने असे: तारीख, कंपनी, जाहिरात कुठे पाहिली, सीव्हीची कोणती आवृत्ती, जाहिरातीतल्या संपर्क व्यक्तीचं नाव, कुठपर्यंत पोचलो, पुढचा फोन कधी. तीसेक अर्ज झाले की ते वाचायला बसा. मुलाखतीचं एकही बोलावणं नसेल तर दोष कागदांत आहे किंवा निवडलेल्या जागांत. पहिल्या फेऱ्या होतात पण दुसरी येत नाही, तर बोलण्यात. बहुतेकदा ‘तुमच्याबद्दल सांगा’ला दिलेल्या पाच मिनिटांच्या पाठांतरात. शेवटच्या फेरीत दोन-तीनदा हुकलं असेल तर काहीही बदलू नका, फक्त संख्या वाढवा. हे आकडे ठोकताळ्याचे आहेत, पण ‘मीच नालायक’ या निष्कर्षापेक्षा कितीतरी कामाचे.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ भाषेचा. जाहिरात जर्मनमध्ये असेल तर सीव्ही आणि पत्र जर्मनमध्येच द्या. त्यात स्वतःची जर्मनची पातळी बी-वन असताना त्याच्या वरची बी-टू लिहू नका, पहिल्या फोनमध्येच उघडं पडतं. जर्मन उद्या शिकू, आधी नोकरी बघू, हा क्रम बऱ्याच जणांचा उलटा पडतो. इंग्रजीवर चालणाऱ्या जागा आयटीत आणि संशोधनात बऱ्यापैकी आहेत. मेकॅनिकल, सिव्हिल, पुरवठा साखळी इथे फार कमी.

दिवसाची आखणी कंटाळवाणी असावी. सकाळी तीन तास अर्ज, त्यात दोनच पण नीट, जाहिरातीतले शब्द वाचून पत्र बदललेले. एका क्लिकवर पन्नास कंपन्यांना गेलेला सीव्ही म्हणजे पन्नास लायडरची आगाऊ नोंदणी. मेल दिवसातून एकदाच, दुपारी चारला बघा. सकाळी उठल्याउठल्या नकार वाचला की ते तीन तास वाया जातात. दुपारी दोन तास जर्मन. जमेल तेव्हा घराबाहेर, शहराच्या वाचनालयात बसा. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आधी सूर्य मावळतो. खोलीत एकट्याने बसून तो काळ काढणं अवघड. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि त्या दिवशी लिंक्डइन बंद. आणि अर्ज करण्याआधी जाहिरातीतल्या व्यक्तीला फोन करून कामाबद्दल एकच नेमका प्रश्न विचारा. इथे तो आगाऊपणा समजला जात नाही, उलट पत्राच्या पहिल्या वाक्यात त्या फोनचा उल्लेख करता येतो.

आता पैसा आणि मुदत, कारण उत्साह खरा तिथे संपतो. इथली पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी इथे राहण्याचा 18 महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. विद्यार्थी परवाना संपण्याआधी अर्ज करावा लागतो. या काळात कुठलंही काम कितीही तास करायची मुभा असते, त्यामुळे गोदामात किंवा कॅफेत काम करून भाडं काढण्यात कमीपणा नाही. मात्र विद्यार्थी म्हणून मिळणारा स्वस्त आरोग्य विमा नावनोंदणीबरोबर संपतो, हा खर्च अनेकांच्या हिशोबात नसतो. दुसरा खड्डा भारतातला. शैक्षणिक कर्जाची सवलत साधारणपणे अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची, म्हणजे परवान्याचे सहा महिने बाकी असतानाच हप्ता सुरू. बँकेशी बोलणं दहाव्या महिन्यात करा, तेराव्यात नाही. एक छोटी गोष्टही लक्षात ठेवा: कंपनीने मुलाखतीला बोलावलं आणि ‘प्रवासखर्च देणार नाही’ असं आधी कळवलं नसेल, तर तिकिटाचे पैसे मागायचा हक्क आहे. तिकीट काढण्याआधी मेलवर विचारून घ्या.

18 महिने सलग बघू नयेत, छाती दडपते. पहिले सहा महिने फक्त आपल्या विषयातल्या जागा. पुढचे सहा महिने शहर आणि पद दोन्ही सैल. छोट्या गावांतल्या, नाव न ऐकलेल्या कंपन्यांना अर्ज तुलनेने कमी जातात. उरलेल्या सहांत पगाराची अपेक्षा खाली आणायची, पण ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांच्या राहण्या-कामाच्या परवान्यासाठी, लागणाऱ्या वार्षिक पगाराची मर्यादा बघूनच. ती दरवर्षी बदलते. 2025 साली ती 48,300 युरो होती, नव्या पदवीधरांना 43,759.80. त्याखालचा करार मिळाला म्हणून सगळं बुडत नाही, कुशल कामगाराचा वेगळा परवाना आहे. फक्त काम कुशल, म्हणजे पदवी किंवा व्यावसायिक शिक्षण लागणारं हवं.

राहिला रविवारचा व्हिडिओ कॉल. आई, काका, आत्या, सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘लागली का?’ त्याला ‘नाही’ एवढंच उत्तर असतं आणि ते दर आठवड्याला द्यावं लागतं. मुलामुलींनी घरी एकदाच सांगून टाकावं, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी स्वतः सगळं सांगेन. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय राहवतच नसेल, तर ‘या आठवड्यात किती अर्ज गेले?’ हे विचारा. ‘नऊ’ म्हणता येतं.