तुम्ही विचारलंत म्हणून : इतके हुशार लोक असूनही गाडी फसते कशी?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेनंतर, कधी डेक्कन क्वीनमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशाकडून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींच्या पत्र्याच्या भागांसाठी प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे साचे, बनवणाऱ्या टूलरूममध्ये ३१ वर्षे काम केले, हे कळले की समोरचा माणूस म्हणतो, "मग एक सांगा. या कंपन्यांकडे एवढा पैसा, एवढे शिकलेले इंजिनिअर, तरी गाडी बाजारात फसते कशी? जे आम्हाला शोरूममध्ये पाच मिनिटांत दिसतं, ते त्यांना चार वर्षांत दिसत नाही का?" पंगतीत एवढे सगळे सांगायला उसंत मिळत नाही, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर लिहितो.

त्यांना दिसते. निदान मी ज्या लोकांबरोबर काम केले, त्यांना बहुतेक वेळा दिसत होते. एका गाडीच्या मागच्या दाराच्या डाय आमच्याकडे होत्या. कोणती गाडी, कोणती कंपनी हे सांगत नाही. ट्रायआउटचे, म्हणजे डायच्या चाचणीचे, पहिले पत्रे निघाल्यावर ते सांगाड्यावर नीट बसतात का हे पाहायला मी त्यांच्या कारखान्यात गेलो, आणि उघड्या दारासमोर उभा राहिल्यावर पहिला विचार मनात आला तो माझ्या आईचा. ती तेव्हा सत्तरीच्या पुढे होती, गुडघ्यांनी बेजार होती, आणि त्या गाडीच्या छताची कड मागे इतकी उतरती होती की आत शिरताना तिचे डोके आपटल्यावाचून राहिले नसते. मी ते तिथल्या तरुण इंजिनिअरला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मलाही दिसतंय. पण छताची रेषा दीड वर्षापूर्वी फ्रीझ झाली, म्हणजे कायमची ठरली. आता ती उचलायची म्हटलं तर साइड पॅनल, छत, दारं, काचा, रबरं, सगळंच बदलेल."

तो खोटे बोलत नव्हता. गाडीच्या बाजूचा एक मोठा पत्रा एका दाबात तयार होत नाही. आधी ड्रॉ डायमध्ये त्याला खोली आणि आकार येतो, मग कडा कापल्या जातात, भोके पडतात, कडा दुमडल्या जातात, आणि या प्रत्येक टप्प्याला वेगळी डाय लागते. एकेक डाय म्हणजे कित्येक टन वजनाचे बिडाचे ओतकाम. त्याचे मशीनिंग व्हायला महिने लागतात, आणि त्यानंतरही निळा रंग लावून, कुठे टेकते आणि कुठे नाही हे पाहत, माणसे हाताने दगड घासून तिचा पृष्ठभाग जुळवतात. एका गाडीच्या अशा सगळ्या डाय, त्यांच्याबरोबरचे, वेल्डिंग करताना भाग जागेवर धरून ठेवणारे फिक्स्चर आणि प्लास्टिकच्या भागांचे मोल्ड धरले तर कंपनीच्या गुंतवणुकीचा मोठा वाटा रस्त्यावर पहिली गाडी येण्याआधीच लोखंडात अडकलेला असतो. जोवर गाडी कागदावर आणि संगणकाच्या पडद्यावर असते तोवर ती बदलणे स्वस्त असते, पण तेव्हा तिच्यात कोणी बसून पाहू शकत नाही. आणि जेव्हा कोणी बसून पाहू शकते, तेव्हा बदलायची सोय उरलेली नसते. गाड्या फसण्याचे बरेचसे कारण या अंतरात आहे.

पण सगळेच नाही. इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. तपशील चुकलेली गाडी सावरता येते. ती कुणासाठी आहे हेच चुकले असेल तर तिला सावरणे फार कठीण असते. हे समजण्यासाठी आमच्याच परिसरात जन्मलेल्या दोन गाड्या पुरेशा आहेत.

पहिली इंडिका. ३० डिसेंबर १९९८ रोजी ती बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत तिच्यासाठी एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. बाहेरून झेनएवढी, आत अँबेसेडरसारखी ऐसपैस, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि इंजिन डिझेलचे, अशी तिची कल्पना रतन टाटांनी मांडली होती. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने स्वतः घडवलेली ही पहिली छोटी प्रवासी मोटार होती. पिंपरी-चिंचवडमधील तिची उत्पादनरेषा निस्सानच्या ऑस्ट्रेलियातील बंद पडलेल्या कारखान्यातून सुटी करून जहाजाने आणलेली होती. सुरुवातीच्या गाड्यांनी लोकांची घोर निराशा केली. आवाज, हादरे, लवकर झिजणारे टायर, अशा तक्रारींचा ढीग पडला, आणि आमच्या वसाहतीतल्या चहाच्या टपरीवरही त्याचीच चर्चा असे. कंपनीने त्या तक्रारी एकेक करून निस्तरल्या आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. पुढे ती देशभर टॅक्सीवाल्यांची लाडकी गाडी झाली. लोकांना तशी गाडी हवीच होती, म्हणून ती सुधारेपर्यंत ते थांबले.

दुसरी नॅनो. तिच्याविषयी लिहिताना मला आजही वाईट वाटते, कारण तिच्यावर काम केलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांनी जिवाचे रान केले होते. स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले भर पावसात जाताना पाहून ही गाडी सुचली, असे रतन टाटांनी अनेकदा सांगितले. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती दाखवली गेली तेव्हा डीलरला पडणारी तिची किंमत, कर आणि वाहतूक वगळून, १ लाख रुपये होती, आणि दिलेला शब्द हा शब्द असतो, असे ते तेव्हा म्हणाले. हा शब्द पाळण्यासाठी किती गोष्टी उतरवाव्या लागल्या ते पाहा. दोन सिलिंडरचे ६२४ सीसी इंजिन मागे ठेवले. पुढच्या काचेला एकच वायपर दिला. चाकांना चारऐवजी तीन नट लावले. पेट्रोल भरायला पुढचे बॉनेट उघडावे लागे. मागची डिकी बाहेरून उघडतच नसे, त्यामुळे सामान ठेवायला मागच्या सीटची पाठ आडवी करावी लागे. पत्र्याच्या कामातला माणूस म्हणून सांगतो, उघडणारे दार नसले की बिजागऱ्या, कुलूप, रबर आणि चौकटीला लागणारी जादा मजबुती हे सगळे वाचते, आणि सांगाडा हलका असूनही ताठ राहतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो निर्णय अगदी तर्कशुद्ध होता. पण भाजीची पिशवी हातात घेऊन मागे उभ्या राहिलेल्या बाईला तो तर्क कोण समजावणार?

नॅनोच्या वाट्याला दुर्दैवही आले. पश्चिम बंगालमधील सिंगूरचा कारखाना जमिनीच्या आंदोलनामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला, आणि गुजरातमधील साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. दरम्यान मार्च २००९ मध्ये गाडी बाजारात आली होती, दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती आणि उत्तराखंडातील पंतनगरच्या कारखान्यातून मोजक्याच गाड्या निघत होत्या, त्यामुळे पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडत काढून करावी लागली. मग काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने जादा सुरक्षा-उपाय मोफत बसवून दिले, पण नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात विकल्या गेलेल्या नॅनोंची संख्या होती ५०९, आणि साणंदची क्षमता होती वर्षाला अडीच लाख.

मात्र हे सारे टळले असते तरी नॅनो तरली असती, असे मला वाटत नाही. आपल्याकडे घरात पहिली गाडी येते तेव्हा तिला हार घालतात, नारळ फोडतात, शेजाऱ्यांना पेढे वाटतात, आणि एखादा शेजारी गाडीभोवती एक फेरी मारून आडून आडून किंमत विचारतो. नॅनोची किंमत विचारावी लागत नव्हती, कारण ती गाडीच्या नावाआधी साऱ्या देशाला पाठ झाली होती. स्कूटरवाल्या कुटुंबाने आयुष्यात एकदाच मोठा खर्च करायचा, त्यासाठी कर्ज काढायचे, आणि बदल्यात 'सगळ्यात स्वस्त गाडीचे मालक' ही ओळख घ्यायची, हे त्याला कसे रुचावे? तो थोडे थांबून जुनी मारुती घेत असे किंवा चांगली मोटरसायकल घेत असे. ज्यांनी नॅनो घेतली त्यांत अनेकांच्या घरी आधीच एक मोटार होती. सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिची ओळख झाली ही चूक होती, असे रतन टाटांनी पुढे स्वतः मान्य केले. नंतर पॉवर स्टिअरिंग आले, २०१५ मध्ये उघडणारी डिकी आली, क्लचशिवाय चालणारा गिअरही आला. म्हणजे तपशील सगळे सुधारले. तरी जून २०१८ मध्ये कारखान्यातून एकच नॅनो बाहेर पडली.

याची उलट साक्ष हवी असेल तर मारुतीची व्हर्सा पाहा. २००१ मध्ये ती सुखवस्तू कुटुंबांची गाडी म्हणून आली, पुढे-मागे दोन वातानुकूलन यंत्रे आणि जाहिरातीत अमिताभ व अभिषेक बच्चन घेऊन. तेवढ्या पैशांत सेडान मिळत असताना व्हॅनच्या आकाराची गाडी कोण घेणार? ती पडली. जानेवारी २०१० मध्ये कंपनीने तीच मूळ गाडी लहान इंजिन घालून, साधी करून, अडीच लाखांच्या थोड्या वर 'ईको' या नावाने विकायला काढली. शाळेची मुले नेणारे, रुग्णवाहिका चालवणारे, बाजारहाट आणि माल वाहणारे छोटे व्यावसायिक तिच्यावर तुटून पडले, आणि २०२३ पर्यंत दहा लाखांवर ईको विकल्या गेल्या. सांगाडा तोच होता. फक्त ती कुणाची गाडी आहे, हे बदलले होते.

काही वेळा ग्राहक ओळखण्यात चूक नसते, पण गाडी तयार होईपर्यंत तो ग्राहक जागेवर राहत नाही. अमेरिकेतील फोर्ड कंपनीची एडसेल हे याचे जुने उदाहरण. मधल्या किमतीच्या गाड्यांना भरभराट आहे असे पाहून आखलेली ही गाडी ४ सप्टेंबर १९५७ रोजी मोठा गाजावाजा करून बाजारात आली, आणि नेमकी तेव्हाच तिथे मंदी सुरू झाली होती. तिला स्वतंत्र कारखाना नव्हता. फोर्ड आणि त्याच कंपनीच्या मर्क्युरी गाड्यांच्या उत्पादनरेषांवर मध्येच एखादी एडसेल येई, कामगारांना भाग आणि हत्यारे बदलावी लागत, आणि काही गाड्या अपुऱ्या भागांनिशी डीलरकडे पोहोचत. समोरच्या उभ्या जाळीची लोकांनी चेष्टा केली ती वेगळीच. नोव्हेंबर १९५९ मध्ये ती बंद झाली, आणि तोट्याचा आकडा सुमारे २५ कोटी डॉलर सांगितला जातो.

आपल्याकडे ग्राहकाऐवजी करच जागा बदलतो. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी नाशिकमध्ये महिंद्र आणि रेनॉची लोगान तयार होऊ लागली, ऐसपैस, दणकट आणि सव्वाचार मीटर लांबीची, म्हणजे सवलतीच्या बाहेरची. रोमानियासारख्या बाजारांसाठी आखलेल्या त्या सांगाड्याला आपल्या अर्थसंकल्पाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. २०१३ मध्ये तिची डिकी आखडून ४ मीटरच्या आत बसणारी व्हेरिटो व्हाइब काढली गेली, पण तोवर फार उशीर झाला होता आणि कापलेली गाडी कापलेलीच दिसत होती.

लोक यावर आणखी एक प्रश्न विचारतात, की इतक्या बैठका होतात, तिथे एकही माणूस उठून बोलत नाही का? बोलतात, पण ज्याच्या त्याच्या खात्यापुरते. पत्र्याचा माणूस पत्र्याचे वजन सांगतो, खरेदीचा माणूस नगामागे वाचलेले रुपये सांगतो, आणि प्रत्येकाने आपापले उद्दिष्ट गाठलेले असते. मागच्या सीटवर कोण बसणार, हे बघणे कोणाच्याच खात्यात नसते. वरच्या साहेबाने मनात धरलेली किंमत किंवा रेषा असेल तर तिच्यापुढे शंका काढायला धीर लागतो, आणि पहिल्या दीड वर्षात, जेव्हा तो धीर उपयोगी पडला असता, तेव्हा हातात दाखवायला काहीच नसते. मी स्वतः त्या दिवशी दारासमोर बोललो ते डाय पूर्ण झाल्यावर. ड्रॉइंग पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा उंचीचे माप त्यावर लिहिलेले होते, आणि मी ते वाचले होते. आईची आठवण मला तेव्हा झाली नाही, ही माझीही चूक आहे.

ती गाडी चार वर्षांत बंद पडली. पुढे कंपनीने तिच्या डाय भंगारात काढल्या तेव्हा वजन करून घेण्यासाठी मला बोलावले होते. लाखो दाबांसाठी बनवलेल्या त्या डायने तिच्या आयुष्याचा थोडासा भागही वापरला नव्हता. क्रेनने वरचा अर्धा भाग उचलला, तेव्हा आमच्या कारागिरांनी हाताने घासलेला आतला पृष्ठभाग अजून चकाकत होता, आणि छताच्या त्या उतरत्या रेषेवरून मी एकदा हात फिरवून पाहिला. रेषा सुरेख होती. मग काटेवाल्याने वजन सांगितले आणि मी ते वहीत लिहून घेतले.