केमो चालू असताना जेवायला काय द्यायचं?

केमो चालू असलेल्या माणसाला काय खायला घालायचं हे मला आता दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं, कारण आईची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू होती तेव्हा तिच्या जेवणाचं सगळं मीच बघायचे. फोनवर प्रत्येकाला सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी डॉक्टर नाही आणि डाएटिशियन पण नाही, आमच्या डाएटिशियनने जे सांगितलं, आईला जे मानवलं आणि मी नंतर जे वाचलं त्यातून हे आलंय, त्यामुळे तुमच्या पेशंटचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

अँटी-इन्फ्लमेटरी डाएट, म्हणजे अंगातला दाह कमी करणारं जेवण, असं नेटवर टाकलं की ब्लूबेरी, सॅल्मन, क्विनोआ, अव्होकाडो असली यादी येते आणि आधीच औषधांच्या खर्चाने पिचलेली माणसं ते आणायला धावतात. अहो, सॅल्मनमधलं जे ओमेगा-3 हवंय ते आपल्या बांगड्यात आणि तारलीत पण भरपूर असतं. मासे खात नसाल तर जवसाची चटणी आहे, अक्रोड आहेत, फक्त जवस भाजून कुटूनच द्या, अख्खं दिलं तर बरंचसं न पचता तसंच बाहेर पडतं. ज्वारी, नाचणी, सालीसकट मूग, हुलगे, पालेभाज्या, लाल भोपळा, पेरू, आवळा, हे सगळं तेच अन्न आहे जे परदेशातले लोक होल फूड म्हणून शोधत असतात. भाजणीचं थालीपीठ घ्या, त्यात धान्यं आणि डाळी एकत्र आलेल्या असतात, वर घरचं लोणी. परळला ट्रीटमेंटसाठी गावाकडून येऊन महिनोन्‌महिने राहणारी कितीतरी कुटुंबं एका छोट्या शेगडीवर स्वयंपाक करतात, त्यांना पण जमेल असं हे जेवण आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पण माझ्या मते ट्रीटमेंट चालू असताना पहिला नंबर वजनाचा आणि प्रोटीनचा, बाकी सगळं त्यानंतर. कॅन्सरच्या पेशंटला दिवसाला किलोमागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर 1.5 ग्रॅमपर्यंत प्रोटीन लागतं, म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 75 ग्रॅम. आता हिशोब करून बघा, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत 6-7, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी दोन घास भात आणि रात्री फक्त सूप असं चाललं तर पंचवीस पण होत नाहीत. म्हणून मी जिथे मिळेल तिथे घालायचे, खिचडीत डाळ तांदळापेक्षा जास्त, भाजीत दाण्याचं कूट, नाचणीच्या सत्वात पाण्याऐवजी दूध.

आणि कृपा करून साखरेच्या नावाखाली पेशंटचा भात-पोळी बंद करू नका. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरंय, ओटो वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते 1920 च्या दशकातच दाखवलं होतं आणि कॅन्सर शरीरात कुठे आहे ते बघायचा पेट स्कॅन (PET) त्यावरच चालतो, पण आपण खाल्लं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज बनवतं, मग उपाशी कोण राहिलं? पेशंटच ना. डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी, आणि कोल्ड्रिंक, मिठाई रोज नकोच, पण चार घास गोड शिरा जात असेल तर जाऊ द्या.

दुसरं म्हणजे रोजचा दिवस वेगळा असतो. केमोतलं ते लाल रंगाचं औषध चालू होतं तेव्हा आईचं तोंड आलं, पाणीसुद्धा झोंबायचं. त्या दिवसांत ज्वारीची भाकरी कितीही पौष्टिक असली तरी तिचा काय उपयोग? सालीचे मूग भिजवून एकदम मऊ वाटायचे, मीठ अगदी बेताचं, मिरची अजिबात नाही, आणि धिरडं झाकण ठेवून बारीक गॅसवर करायचं, कड कुरकुरीत होऊ द्यायची नाही कारण तीच कड फोडांना टोचते. वर साजूक तूप आणि कोमट झाल्यावरच द्यायचं. फोडणीच्या वासाने तिला मळमळायचं, म्हणून स्वयंपाक ती आतल्या खोलीत झोपलेली असताना उरकायचा, गार जेवणाला वास कमी येतो हे पण तेव्हाच कळलं. सगळं लोखंडासारखं लागतं म्हणायची तेव्हा स्टीलचा चमचा बदलून लाकडी दिला, आणि तोंड बरं झाल्यावर आमसुलाचं सार तिला फार आवडायला लागलं. जुलाब लागले की कोंडा, साली, पालेभाजी सगळं थांबवून मऊ भात, केळं, साबुदाण्याची पेज. उलटी थांबवायला देतात त्या ऑनडॅन्सेट्रॉन नावाच्या औषधाने उलट बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पपई, भिजवलेले मनुके आणि भरपूर पाणी.

हळदीबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. जेवणातली हळद खुशाल घाला, पण ज्या करक्युमिनसाठी हळदीचं एवढं नाव आहे ते त्यात साधारण तीनच टक्के असतं, आणि मिरीबरोबर ते अंगात जास्त शोषलं जातं म्हणून ज्या करक्युमिन-पिपरिनच्या गोळ्या मिळतात त्या डॉक्टरांना न सांगता बिलकुल नको, कारण मिरीतलं तेच पिपरिन इतर औषधांचं प्रमाण पण वरखाली करू शकतं. गुळवेलीचं पण तेच, 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलं होतं आणि केमोत लिव्हरवर आधीच ताण असतो. पपनस काही औषधांशी भांडतं, ते पण विचारून घ्या. लोक प्रेमाने काढे आणून देतात हे कळतं मला, पण बाटली घ्यायची, थँक्यू म्हणायचं आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडायची नाही.

केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की इन्फेक्शन पटकन होतं, तेव्हा कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी पूर्ण बंद. सोलून खायची फळं चालतात, केळं, संत्रं. दूध उकळून, अंडं पूर्ण शिजवून, आणि सकाळचं उरलेलं रात्री नको. दह्याचं आमच्या डाएटिशियनने ताजं घरचं चालेल असं सांगितलं होतं, पण प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं असतं.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी, वहीत लिहून ठेवा. 50 किलोचं माणूस साडेसत्तेचाळीसवर आलं तर केमोच्या पुढच्या सायकलची (पुढच्या डोसची) वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि प्रोटीन पावडर किंवा नळीने खाणं लागेल का ते स्पष्ट विचारा.