सही आधी, आकडा नंतर

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी काउन्सेलर आहे. मुलांची वेळापत्रकं, घरच्या अडचणी, मनावरचे ताण हे सगळं माझ्याकडे येतं, आणि बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्जही माझ्याच टेबलावरून जातात. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी आमच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे. देशाची सरासरी ३५०च्या वर आहे, आणि आमच्या शाळेत परिस्थिती त्याहून फार वेगळी नाही. तरीही प्रत्येक मुलाचा अर्ज मी स्वतः वाचते.

इथे मी डिसेंबर २०२४ मधल्या एका शुक्रवारबद्दल लिहिते आहे. मुलांची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, मूळ हकिगत तीच आहे. आदल्या संध्याकाळी सात वाजता एका नामांकित विद्यापीठाचा अर्ली डिसिजनचा निकाल लागला होता. ही पद्धत भारतातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. बारावीच्या वर्षी साधारण १ नोव्हेंबरपर्यंत मूल एकाच विद्यापीठाला असा अर्ज करू शकतं. त्यासोबत एक करार असतो: तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याकडेच येईन, बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन. त्यावर मुलाची सही, पालकांची सही आणि काउन्सेलर म्हणून माझी सही. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. बाकीची मुलं १ जानेवारीच्या आसपास दहा-बारा ठिकाणी नेहमीचे अर्ज करतात आणि मार्चअखेरपर्यंत वाट बघतात.

त्या शुक्रवारी सकाळी एक मुलगा विद्यापीठाच्या नावाचा नवाकोरा स्वेटशर्ट घालून आला. पुण्याचं कुटुंब, आईवडील दोघंही आयटीत. मुलगा कष्टाळू आणि सरळ स्वभावाचा. त्याला मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला, कारण त्याची चार वर्षांची मेहनत मी जवळून पाहिली आहे.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या फिजिक्स लॅबमधली जोडीदार आली. तिची आई होंडुरासहून आलेली, वृद्ध माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करते, शनिवार-रविवारसुद्धा. वडील ती लहान असतानाच घर सोडून गेले. गणितात ती त्या मुलाच्या पुढे, लिहिण्यात तो तिच्या पुढे, बाकी सगळं उन्नीस-बीस. दोघांनाही त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंग करायचं होतं. तिने मात्र अर्ली अर्ज केला नव्हता.

दार लावून ती बसली आणि म्हणाली, "मिस, सगळे म्हणतात एका शाळेतून ते दोघांना घेत नाहीत. त्याला घेतलं. मग मी आता अर्ज कशाला करू?"

एका शाळेतून किती घ्यायचे असा लेखी नियम नसतो, हे मी तिला सांगितलं. ते खरं आहे, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. "आकडे दाखवा," म्हणाली. या मुलीला मी कधीच नुसत्या धीराच्या शब्दांवर परत पाठवलेलं नाही. आकडे काढले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या जवळपास निम्म्या जागा अर्लीतून भरतं. ब्राउनमध्ये २०२४ च्या शरदात दाखल झालेल्या वर्गासाठी अर्लीतल्या दर शंभर अर्जांमागे सुमारे १४ जणांना प्रवेश मिळाला, नेहमीच्या फेरीत चारालाही नाही.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "म्हणजे फरक फक्त तारखेचा आहे?"

फक्त तारखेचा नाही. अर्लीच्या ढिगात खेळासाठी आधीच हेरलेली मुलं असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि ज्यांची तयारी उन्हाळ्यातच पूर्ण झालेली असते अशी मुलं असतात. त्यामुळे १४ विरुद्ध ४ हा सगळाच्या सगळा फायदा लवकर अर्ज केल्याचा, असं म्हणणं चूक ठरेल. पण उरलेला फरक खोटाही नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २००३ मध्येच हजारो अर्जांचा हिशेब मांडून दाखवलं होतं, की सारख्याच गुणवत्तेच्या मुलाला अर्लीत अर्ज केल्याचा लाभ एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत सुमारे शंभर गुण जास्त मिळवल्याइतका होतो. विद्यापीठाला यात काय मिळतं, तेही तिला सांगितलं: येणारच याची खात्री असलेला विद्यार्थी, आणि त्यातले बरेचसे पूर्ण फी भरणारे.

"मग मी ऑक्टोबरमध्ये चूक केली," ती म्हणाली.

तिने चूक केली नव्हती. ऑक्टोबरमधला तो सगळा महिना मला आठवतो, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

गरीब घरच्या हुशार मुलांसाठी क्वेस्टब्रिज नावाच्या संस्थेचा रस्ता असतो. सप्टेंबरअखेर अर्ज, निवड झाली तर चार वर्षांचा पूर्ण खर्च. तिथे तिची अंतिम यादीत निवड झाली नाही. राहिला अर्ली डिसिजन. आता विद्यापीठ म्हणतं, आम्ही प्रत्येकाची पूर्ण गरज भागवतो. ही गरज किती, हे ठरवणारंही विद्यापीठच. त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा लांबलचक फॉर्म असतो, आणि आईवडील वेगळे राहत असतील तर कित्येक विद्यापीठं सोडून गेलेल्या पालकाचंही उत्पन्न मागतात. तिच्या वडिलांचा पत्ता कोणाला माहीत नाही. अशा मुलांना सूट मिळू शकते, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी पत्रं, तिसऱ्या माणसाची साक्ष. ती साक्ष मी लिहिली. उत्तर यायला किती दिवस लागतील, हे फोनवर कोणी सांगेना. विद्यापीठांच्या वेबसाइटवर अंदाजी खर्च काढण्याचं साधन असतं, २०११ पासून ते ठेवणं बंधनकारकच आहे. पण बेपत्ता वडिलांसाठी त्यात रकाना नसतो. त्यात सरकारी मदतीचा फाफ्साचा फॉर्म त्या वर्षी १ ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सर्वांना खुला झाला, म्हणजे अर्लीची तारीख उलटून गेल्यावर.

तिची आई एका संध्याकाळी कामाच्या कपड्यांतच माझ्याकडे आली होती. मुलगी मधे बसून भाषांतर करत होती. आईने करार पूर्ण वाचून घेतला आणि एकच प्रश्न विचारला: "सही केल्यावर आम्हाला किती भरावे लागतील?"

मी खरं ते सांगितलं: आज कोणीच सांगू शकत नाही. मदत अपुरी वाटली तर करारातून बाहेर पडता येतं, हेही सांगितलं, कारण तशी सोय खरोखरच आहे. पण तोवर डिसेंबर उजाडलेला असतो, बाकीच्या अर्जांना दोन आठवडे उरलेले असतात, आणि दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाची रक्कम हातात नसते की शेजारी ठेवून बघावी. आई म्हणाली, गाडीच्या कर्जाच्या वेळी मी न कळता सही केली होती, तिचे हप्ते पाच वर्षं फेडले. आता मुलीच्या नावावर मी तसं करणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

त्या शुक्रवारी मी मुलीला हे सगळं पुन्हा सांगितलं, कारण तिला डोळ्यासमोर फक्त तो स्वेटशर्ट दिसत होता. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने असं काही सांगितलं की मी खुर्चीत सावरून बसले. तिच्या ओळखीतल्या एका मुलीची एका विद्यापीठाच्या नौकानयनाच्या संघासाठी निवड झाली होती. "तिच्या घरच्यांचे कागद त्यांनी उन्हाळ्यातच मागवून घेतले, मिस. साधारण किती खर्च येईल ते तिला ऑगस्टमध्ये माहीत होतं. तिच्यासाठी जमतं, तर माझ्यासाठी का जमत नाही?"

खेळाडूंचे आर्थिक कागद आधी बघून अंदाज देणं ही खरोखरची पद्धत आहे. माणसं तीच, ऑफिस तेच, फॉर्मही तेच. काम होऊ शकतं, फक्त कोणासाठी करायचं हे ठरलेलं आहे. माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं आणि मी तसं तिला सांगितलं.

शेवटच्या तासाला मुलगा आला. जिन्यात कोणीतरी त्याला म्हणालं होतं, "घरी पैसा आहे म्हणून घेतलं." स्वेटशर्ट काढून त्याने बॅगेत कोंबला होता. मला विचारू लागला, हे खरं आहे का. मी त्याला सांगितलं की तुझा अर्ज तुझ्या कामावर टिकला, त्यात मला शंका नाही. आणि ज्या रांगेत तू उभा राहू शकलास त्या रांगेत सगळ्यांना उभं राहता येत नाही, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे सतराव्या वर्षी पचवणं अवघड आहे. पण त्याला अर्धसत्य सांगून घरी पाठवणं मला पटलं नसतं.

शाळा सुटल्यावर त्याची आई आली, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून घेतलेला पेढ्यांचा बॉक्स घेऊन. "ताई, आधी तोंड गोड करा." मग बसल्या बसल्या विचारलं, "त्याच्या लॅबमधली ती मुलगी? तिचं काय झालं हो? हा सारखा म्हणतो, ती माझ्याहून हुशार आहे."

दुसऱ्या विद्यार्थ्याबद्दल मला बोलता येत नाही, हे तिला सांगितलं. तिने ते समजून घेतलं. मग पद्धतीवर बोलणं निघालं. ती म्हणाली, "पण बंधन तर आपल्याकडेही असतं ना? माझ्या भाचीला अकरावीला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर घ्यावंच लागलं."

हो, घ्यावं लागतं. पण गेल्या वर्षीचा कटऑफ किती, हे भाचीला माहीत होतं. आपलं नाव यादीत का आलं, हे तिला टक्क्यांवरून कळलं. आणि फी किती, हे पसंतीक्रम भरण्याआधी बघता येत होतं. इथे बंधन आहे, पण यादी नाही, कटऑफ नाही, आणि फी कोणाला किती लागणार हे सही झाल्यावर कळतं. महाराष्ट्रातल्या प्रवेशाबद्दल तक्रारी कमी नाहीत, त्या मलाही माहीत आहेत. पण ज्याला नाही मिळालं त्याला का नाही मिळालं, एवढं तरी सांगता येतं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही पैशांबद्दल एकदाच बोललो. वर्षाला नव्वद हजार डॉलर. ह्यांनी विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, जमवू. आणि सही केली. अर्धा ताससुद्धा लागला नाही, ताई."

त्या दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या बोलण्यांत मला हे वाक्य सर्वांत जास्त लागलं. एका घरात अर्ध्या तासात जो निर्णय झाला, तो दुसऱ्या घरात महिनाभर कागद गोळा करूनही घेता आला नाही. लोकांचा राग डिसेंबरच्या निकालावर असतो, पण अन्याय ऑक्टोबरमध्येच होऊन गेलेला असतो आणि तेव्हा तो कोणाला दिसत नाही, कारण जी मुलं अर्जच करत नाहीत त्यांची कुठे नोंद होत नाही.

हे विद्यापीठांना कळत नाही असंही नाही. २००६ मध्ये हार्वर्डने आपली अर्ली फेरी बंद करायचं ठरवलं, आणि ती फेरी तर बंधनकारकही नव्हती. ही पद्धत आधीच पुढे असलेल्यांना आणखी पुढे नेते, असं त्यांनीच उघड सांगितलं. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ त्यांच्यामागून आले, बाकीचे आले नाहीत, आणि पाच वर्षांत तिघांनीही अर्ली पुन्हा सुरू केलं. २०२३ मध्ये व्हर्जिनिया टेकने अर्ली डिसिजन बंद केलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर या पद्धतीने स्पर्धा संपते आणि खर्च वाढतो असं म्हणत अनेक नामांकित कॉलेजांवर फेडरल कोर्टात दावा दाखल झाला.

माझं मत त्याहून साधं आहे. लवकर अर्ज घ्या, हवं तर बंधनही ठेवा, पण सहीआधी त्या घराला रक्कम लेखी सांगा. वॉशिंग्टन राज्यातलं व्हिटमन कॉलेज आर्थिक मदतीची हमी अर्जाआधीच देतं. ते छोटं कॉलेज आहे. अब्जावधी डॉलरचा निधी असलेल्या विद्यापीठांना हे अशक्य आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.

मुलीने १ जानेवारीला त्या विद्यापीठासह सगळे अर्ज केले. वडिलांच्या कागदांची सूट जानेवारीअखेर मंजूर झाली. मार्चमध्ये त्या विद्यापीठाने तिला नकार दिला. पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या एका खासगी कॉलेजने घेतलं, आणि मदत धरून तिच्या आईला भरावी लागणारी रक्कम आमच्या राज्याच्या रटगर्स या सरकारी विद्यापीठापेक्षाही कमी निघाली. आईने तो आकडा दोनदा वाचून घेतला आणि मगच सही केली. नोव्हेंबरमध्ये अर्ज केला असता तर तिकडे मिळालं असतं का, असं मुलगी मला अजून मेसेज करून विचारते. ते सांगता येणार नाही, असंच मी तिला दर वेळी लिहिते.

दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विद्यापीठांचे प्रतिनिधी आमच्या शाळेत येतात. आता मी प्रत्येकाला मुलांसमोरच विचारते: खेळाडूंना जो अंदाज आधी देता, तो माझ्या मुलांना कधी देणार? बहुतेक जण म्हणतात, हे आमच्या हातात नाही. एका प्रतिनिधीने मात्र वही काढून विचारलं, तुमच्या शाळेत अशी किती मुलं आहेत? मी तिला नावं वगळून प्रत्येक मुलाची परिस्थिती लिहून पाठवली आहे आणि तिच्या ऑफिसशी पत्रव्यवहार चालू आहे.