एका मजल्याचा परवाना

औसा तालुक्यातील एका पुनर्वसित गावातून घरावर मजला चढवण्याच्या परवानगीसाठी एक कुटुंब माझ्याकडे आले होते. ते प्रकरण कागदोपत्री निकाली निघाले, तरी माझ्या डोक्यातून अजून जात नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी 52 गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांतलेच हे एक. त्या वेळी भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 चौरस फुटांचे आणि त्याहून मोठ्या खातेदारांना 750 चौरस फुटांचे घर, असे वाटप ठरले होते. या कुटुंबाचे घर मधल्या वर्गातले, सासऱ्यांच्या नावे मिळालेले. आता मुलाचे लग्न ठरले होते, जागा पुरत नव्हती, आणि वर दोन खोल्या काढण्यासाठी बँकेचे कर्ज हवे होते. अभियंता म्हणून माझ्याकडून त्यांना नकाशा आणि सही, एवढेच अपेक्षित होते.

2021 मध्ये शासनाने जाहीर केलेल्या सवलतीनुसार ग्रामीण भागात साधारण 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी परवान्याची वाट पाहावी लागत नाही. मालकीचा कागद, मोजणीचा किंवा मंजूर रेखांकनाचा नकाशा, घराचा आराखडा आणि तो एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार असल्याचा वास्तुविशारदाचा किंवा अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचे आणि कामाला लागायचे. ही सवलत चांगली आहे, कारण लहान घरासाठी नगररचना कार्यालयात घालावे लागणारे खेटे त्यामुळे वाचले. बँकेला मात्र ‘परवाना लागत नाही’ हे पटत नाही. तिला जावक क्रमांक आणि गोल शिक्का असलेले पत्र लागतेच, आणि नियमाने न लागणारे हे पत्र मिळवण्यात कुटुंबांची जितकी दमछाक होते तितकी बाकी सगळ्या कागदांत मिळून होत नाही.

पुनर्वसित गावांची आणखी एक अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. तिथे पिढीजात गावठाणातल्यासारखी वहिवाट नसते. वाटपाचे पत्र असते, ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो, आणि तो आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे बँकेच्या वकिलालाही पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. या घराचा उतारा अजून दिवंगत सासऱ्यांच्याच नावे होता. आधी वारस नोंद, त्यासाठी नणंदांची संमतीपत्रे, मग सुनेच्या नावे उतारा, असे सगळे झाले. या सुनेला, म्हणजे लग्न ठरलेल्या मुलाच्या आईला, मी मावशी म्हणतो. त्यांनी 1990 च्या दशकातला एकूण एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, त्यामुळे हे काम एरवीपेक्षा बरेच सोपे गेले.

मग मी जागेवर गेलो. पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भारवाही भिंती, जोते, दार-खिडक्यांच्या वरचे लिंटेल आणि छत अशा तिन्ही पातळ्यांवर घराभोवती फिरणारे काँक्रीटचे पट्टे आणि वर स्लॅब. जमीन आडवी हलली की भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटतात आणि बाहेर कोसळतात; हे पट्टे त्यांना बांधून धरतात. इतक्या वर्षांनंतर मागची सोडून बाकी तिन्ही बाजूंना ते जसेच्या तसे होते. ज्यांनी ते ओतले, त्यांच्या कामाबद्दल मला आदर वाटला. मागच्या बाजूला मात्र न्हाणीचे दार काढताना लिंटेलचा पट्टा छिन्नीने तोडला होता आणि कापलेल्या सळयांची गंजलेली टोके गिलाव्यातून बाहेर आली होती. त्याच कोपऱ्याजवळ मी पायालगत खड्डा घ्यायला लावला. पाया काळ्या मातीतच थांबला होता, मुरूम त्याच्याखाली आणखी हातभर खोल लागला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एका मजल्याचे घर ते सहन करते. त्याच भिंतींवर दुसरा मजला ठेवला तर वजन वाढते, आणि भूकंपात घराला बसणारा आडवा धक्का वजनाच्या प्रमाणातच वाढतो.

मी मजल्याचा आराखडा करून द्यायला नकार दिला आणि दुसरा पर्याय मांडला. मागच्या मोकळ्या जागेत, जुन्या भिंतींपासून सुटे, मुरुमापर्यंत पाया नेलेले कॉलम-बीमचे स्वतंत्र बांधकाम करायचे. आता तळाला दोन खोल्या काढायच्या आणि वरचा मजला पुढे त्याच कॉलमांवर घ्यायचा. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके 90 अंशांत नव्हे, 135 अंशांत आत वळवायची, कारण काँक्रीटचे कवच उडाले की काटकोनात वळवलेली रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. गवंडी हे वळण टाळतात, वेळ जातो म्हणून, आणि तपासायला कोणी येत नाही म्हणूनही.

मुलाला हे पटले नाही. त्याचे म्हणणे असे की अर्ध्या गावाने मजले चढवले, कोणाला काही झाले नाही. यावर माझ्याकडे एकच उत्तर होते. 1993 पर्यंत हा सगळा प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभाग 1 मध्ये होता. 2002 च्या भूकंपविषयक मानकात तो विभाग 3 मध्ये गेला. काही झाले नाही, हा पुरावा इथे एकदा खोटा ठरलेला आहे. त्याने दुसरा अभियंता गाठला. त्या गृहस्थांनी जागा न पाहता आराखडा आणि दाखला तयार करून दिला. आमच्या व्यवसायात अशी सही सहज मिळते. ही गोष्ट मला ग्रामपंचायतीच्या कोणत्याही दिरंगाईपेक्षा जास्त लाजिरवाणी वाटते.

परंतु अर्जदार मावशी होत्या आणि सही त्यांची लागणार होती. मुलाला सोबत घेऊन त्या ते कागद माझ्या कार्यालयात घेऊन आल्या. भूकंप झाला तेव्हा त्या या घरी नुकत्याच सून म्हणून आल्या होत्या. जुने घर दगड-मातीचे, हातभराहून जाड भिंतींचे, वर लाकडी खांबांवरचे माळवद आणि त्यावर दर साली चढवलेली माती. त्या म्हणाल्या, “खणाचे खांब उभेच होते साहेब, भिंती आत आल्या.” ही त्या परिसरात अनेक घरांची स्थिती होती, आणि अभियंत्यांनी नंतर तशीच नोंदवली आहे. मग त्यांनी दाखल्यावर बोट ठेवून विचारले, “जुनी भिंत वरचं वजन पेलंल, असं ह्याच्यात कुठं लिवलंय?”

ते कुठेच नव्हते. हद्दीपासूनची समासातील अंतरे होती, चटई क्षेत्र होते, उंची होती. त्यांनी मुलाला एवढेच सांगितले की त्या साहेबांकडून ही एक ओळ लिहून आण, मग मी सही करते. त्या अभियंत्याने ती ओळ लिहिली नाही. अर्जात तसा रकानाच नाही, असे त्याने मुलाला सांगितले. रकाना नाही, हे खरेच आहे.

शेवटी माझा आराखडा सादर झाला. मी त्याला खड्ड्याची छायाचित्रे आणि पाया व रिंगांचा तपशील जोडला होता. ग्रामपंचायतीत मला रस्त्यापासूनचे अंतर विचारले गेले, आणि जोडलेले कागद ‘हे लागत नाहीत’ म्हणून परत करू लागले. ते मी आग्रहाने फाइलमध्ये राहू दिले. पत्र मिळाले, कर्जही मंजूर झाले. मुलगा माझ्याशी कामापुरतेच बोलतो, पण रिंगा वळवताना तो गवंड्याजवळ उभा असतो.

त्याच गल्लीत थोडे पुढे, त्याच दुसऱ्या अभियंत्याच्या सहीने एका जुन्या घरावर मजला चढतो आहे. त्या घराचा पाया मी उघडून पाहिलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल लेखी काही म्हणण्याचा मला अधिकार नाही. ग्रामपंचायतीत तोंडी सांगून पाहिले. कागद पूर्ण आहेत, असे उत्तर मिळाले.